गोदाकाठचे जाळे आणि समुद्रातला गळ

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्यातील कोणत्याही गावातून पश्चिमेचा किनारा गाठायचा तर आधी सह्याद्री ओलांडावा लागतो. येथील माणसाचे पाण्याशी असलेले नाते विहीर, बारव, ओढा, नदी आणि धरण एवढ्यात सामावते. शार्क त्याने पाहिला असलाच तर चित्रपटाच्या पडद्यावर. असे असूनही, केवळ शौकासाठी समुद्रातील मोठा मासा मारावा का, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ही भूमी परकी नाही. पाण्याचे आणि पाण्यावर जगणाऱ्या जिवांचे मोल या मुलखाने दुष्काळातून शिकून घेतले आहे. शिवाय येथील पेठांमधून निघणाऱ्या सुट्टीच्या सहली आता दूरच्या समुद्रापर्यंत जाऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्न घराच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे.

नगरकडून जिल्ह्यात प्रवेश करणाऱ्याला प्रथम आष्टी तालुका लागतो. वाटेवरचे कडा हे गाव अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे जैन वाचकांना परिचित आहे. पुढे बालाघाटाचा उंच, खडकाळ पट्टा सुरू होतो. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली घोषित झालेल्या या अभयारण्याच्या माळावर सकाळ-संध्याकाळ मोरांची केका ऐकू येते. बीड शहरात कंकालेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर पाण्याने वेढलेले उभे आहे, आणि शहराच्या दक्षिणेला निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेली खजाना बावडी आहे. तिच्यातून निघालेल्या पाटांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती भिजली. खजिना या अर्थाचे नाव विहिरीला मिळावे, यातच या जिल्ह्याचा स्वभाव कळतो.

हा खजिना रिता होतो तेव्हा काय होते, तेही येथे पाहायला मिळाले आहे. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या गेल्या. गोशाळा, पांजरपोळ आणि छावण्या यांना हातभार लावण्याची जैन समाजाची परंपरा जुनी आहे. मुक्या जनावराच्या डोळ्यांतील तहान पाहून ज्याचा हात खिशाकडे जातो, अशा माणसांचा हा वाचकवर्ग आहे. म्हणूनच पुढील प्रश्न त्याच्यासमोर मांडण्यात अर्थ आहे.

बालाघाट उतरून उत्तरेकडे गेले की गोदावरीचे सखल खोरे लागते. माजलगावजवळ सिंदफणा नदीवर मोठे धरण आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणीही याच जलाशयात येते. पहाटे येथे उभे राहिले तर धुक्यातून एखादा माणूस हळूहळू काठाकडे येताना दिसतो. रात्री लावलेले जाळे त्याने गोळा करून आणलेले असते. त्यात रोहू, कटला, मृगळ, कधी मरळ किंवा वाम असते. कटला-रोहूसारखे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून मत्स्यबीज केंद्रांतील बोटुकली आणून जलाशयात सोडावी लागते. जलाशय मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला ठेक्याने दिला जातो. बोटुकलीचा खर्च, ठेक्याची रक्कम, जाळ्याची दुरुस्ती हे सर्व वजा जाता जे उरते त्यावर भोई समाजातील अनेक कुटुंबे चालतात.

जैन प्रवासी हे दृश्य पाहून मान वळवतो. ते स्वाभाविक आहे. मासेमारी हा श्रावकाला वर्ज्य असलेला व्यवसाय आहे, आणि जाळ्यात तडफडणारा जीव पाहवत नाही. परंतु मान वळवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या माणसाच्या जाळ्याला एक मर्यादा आहे. त्याला तडफड पाहण्यात रस नाही. मासा किती वेळ झुंजला याची तो नोंद ठेवत नाही. घरच्या चुलीचा प्रश्न सुटला की त्याचे जाळे काठावर वाळत पडते.

आता याच पेठेतील दुसरे दृश्य पाहावे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबे गोवा, अंदमान, मॉरिशस किंवा दुबईला जातात. जेवण शुद्ध शाकाहारी असेल, कांदा-लसूण नसेल, सूर्यास्तापूर्वी भोजनाची सोय असेल, याची खातरजमा प्रवास कंपनीकडून दहादा करून घेतली जाते. त्याच पत्रकात कोठेतरी ‘बोटीतून फिशिंग’ अशी एक ओळ असते. ती कोणी वाचत नाही, किंवा वाचली तरी मुलांची गंमत म्हणून सोडून देतात. गळाला लागलेला छोटा मासा पाहून मुले टाळ्या पिटतात आणि मोबाइलवर छायाचित्र निघते. त्या छोट्या गळाच्या पुढे जो मोठा खेळ आहे, त्याची कल्पना बहुतेकांना नसते.

तो खेळ म्हणजे खोल समुद्रातील मोठ्या माशांची, विशेषतः शार्कची, शिकार. बोटीवर भक्कम खुर्ची बसवलेली असते. शिकारी पट्ट्याने स्वतःला तिच्याशी बांधून घेतो. पाण्यात रक्ताळलेले आमिष टाकले जाते. शार्कने गळ गिळला की दोर सैल सोडणे आणि पुन्हा ओढणे सुरू होते, आणि हे तासन्‌तास चालू शकते. जितकी झुंज लांबेल तितका खेळ रंगला असे मानतात. शेवटी दमलेल्या माशाला बोटीला बांधून किनाऱ्यावर आणतात, शेपटीकडून उलटा टांगतात, वजन करतात आणि शेजारी उभे राहून छायाचित्र काढतात. १९५९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा रीतीने धरलेल्या पांढऱ्या शार्कचे वजन २,६६४ पौंड, म्हणजे बाराशे किलोहून अधिक भरले होते. तो विक्रम आजही अभिमानाने सांगितला जातो. मांस हा येथे हेतू नसतो. हेतू असतो तो आकड्याचा आणि छायाचित्राचा.

हा शौक मराठवाड्याला अगदीच अनोळखी नव्हता, फक्त तो जमिनीवर होता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आंबेजोगाई, म्हणजे जुने मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. ज्या गावाच्या परिसरात ब्राह्मणी लेण्यांसोबत जैन लेणेही कोरले गेले, तेथेच ही छावणी वसली. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि संस्थानी सरदारांसाठी शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ होता. काळवीट, रानडुक्कर, वाघ यांची मुंडकी आणि कातडी भिंतीवर लागत. नद्यांनाही त्यातून सूट नव्हती. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि गळाने महाशीर धरण्याचा छंद भारतभरच्या इंग्रजांत पसरला. १९४६ साली कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा महाशीर धरल्याची नोंद आहे. त्याच कावेरीतील मदार असलेला महाशीर २०१८ साली नष्ट होण्याच्या अत्यंत जवळ पोहोचलेल्या जातींच्या जागतिक यादीत गेला. त्याला केवळ गळ कारणीभूत नव्हता. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी आणि बाहेरून सोडलेले मासे यांचाही त्यात वाटा आहे. तरीही सर्वांत मोठा मासा हाच सर्वांत मोठा पराक्रम, ही वृत्ती त्या काळानेच रुजवली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जमिनीवरच्या या खेळाला आळा घातला. आज नायगावच्या माळावरील मोर किंवा आष्टी-पाटोद्याच्या शिवारातील काळवीट मारणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि त्याचे समर्थन कोणी उघडपणे करीत नाही. समुद्राच्या बाबतीत मात्र माणसाची दृष्टी बदलायला वेळ लागला. भारतात व्हेल शार्क या महाकाय परंतु निरुपद्रवी माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते २००१ साली. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर शार्कच्या शिकारीच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. जेथे कायदा थांबतो तेथे विवेकाला काम करावे लागते.

जैन विचाराने या विवेकासाठी सूक्ष्म मोजमाप दिले आहे. गृहस्थाच्या हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार सांगितले जातात. घरकामात, उपजीविकेत आणि आत्मरक्षणात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. मारण्याच्या इराद्याने केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सर्वप्रथम सोडायची असते. बीड जिल्ह्यातच या भेदाचे एक अलीकडचे उदाहरण घडले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात एका बिबट्याने माणसांवर हल्ले केले. काहींचे प्राण गेले आणि गावेच्या गावे संध्याकाळी दारे लावून बसू लागली. त्याला पकडण्याचे प्रयत्न फसले आणि अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी शेजारच्या करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालण्यात आली. ती हिंसाच होती, आणि त्या प्राण्याविषयी हळहळही वाटली. परंतु तेथे माणसांचे प्राण वाचवण्याचा प्रश्न होता. समुद्रात मैलोन्‌मैल आत जाऊन, आमिष टाकून ज्याला जवळ बोलावले, तो शार्क कोणाच्या दारात आला होता?

सप्तव्यसनांच्या यादीत जुगार, मद्य आणि चोरी यांच्या पंक्तीत शिकार बसवली आहे, ती याच कारणाने. शिकारीत जीव जातो एवढेच नव्हे, तर जीव घेण्याची चटक लागते. श्रावकाच्या व्रतांमध्ये निष्प्रयोजन पाप टाळण्याचे अनर्थदंडविरती हे स्वतंत्र व्रत आहे, आणि हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे, म्हणजे हिंसादान, हा त्यातला एक दोष मानला आहे. व्यापारी घराने आपल्या दुकानातील मालाकडे या दृष्टीने पाहावे, एवढा त्याचा अर्थ स्पष्ट आहे. शिवाय दोष केवळ स्वतः करण्याचा नसतो. करवून घेणे आणि अनुमोदन देणे हीही त्याच खात्यावरची नावे आहेत. टांगलेल्या शार्कचे छायाचित्र पाहून मोबाइलवर अंगठा उंचावणे हे अनुमोदन नव्हे, असे म्हणणे अवघड आहे.

शिकाऱ्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. ते म्हणतात, शार्क क्रूर आहे. वास्तव असे की, माणसाने छेडले नसताना शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाकाठी सरासरी पाच-सहा माणसे मरतात. उलट माणसाच्या हातून वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मरत असल्याचा अंदाज अभ्यासकांनी २०१३ साली मांडला. ‘जॉज’ या कादंबरीने आणि १९७५ च्या चित्रपटाने शार्कचे जे राक्षसी रूप जगभर नेले, त्याबद्दल तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढे खेद व्यक्त केला आणि उरलेले आयुष्य शार्कच्या रक्षणासाठी वेचले. याला आपल्या भाषेत प्रतिक्रमण म्हणता येईल.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, यांत्रिक बोटींची जाळी कोट्यवधी शार्क मारतात, त्यापुढे हौशी गळाचे ते काय? १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातील शार्क आणि पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, आणि त्याचे मुख्य कारण व्यापारी मासेमारी हेच आहे, हे खरे. परंतु ज्याच्या खात्यातील बहुतेक शिल्लक आधीच काढली गेली आहे, त्याच्या उरलेल्या रकमेतून आपण थोडेच काढतो, हा युक्तिवाद पेढीवर कोणी मान्य करणार नाही. शिवाय गळ कोणती रक्कम काढतो, हेही पाहिले पाहिजे. शार्कच्या बहुतेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते. ती उशिरा वयात येते आणि थोडीच पिल्ले देते. कटल्याची मादी एका पावसाळ्यात लाखो अंडी घालते, तसे शार्कचे नाही. विक्रमासाठी सर्वांत मोठा मासा हवा म्हणजे बहुधा आई हवी. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १,२८० पौंडांची कानमुशी, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, विक्रम म्हणून धरला गेला. शास्त्रज्ञांनी तिचे पोट उघडले तेव्हा आत जन्माच्या उंबरठ्यावर आलेली ५५ पिल्ले होती. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, हे ज्या घरात मुलाला पहिल्यांदा शिकवले जाते, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरा मुद्दा असा की, आता पुष्कळ शिकारी मासा मारत नाहीत, खूण बांधून सोडून देतात. हा बदल स्वागतार्ह आहे. अशा खुणांमुळे शार्कच्या प्रवासाची मोलाची माहिती शास्त्रज्ञांना मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दीर्घ झुंजीने थकलेला शार्क सोडल्यावरही मरू शकतो, आणि कानमुशीच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा आहे.

मासा सोडण्याची ही गोष्ट वाचताना जैन कथांमधील मृगसेन धीवराची आठवण होते. मृगसेन जातीने कोळी. मुनींच्या उपदेशाने त्याने एवढाच नियम घेतला की, जाळ्यात येणारा पहिला मासा मारणार नाही. त्या दिवशी पहिला मासा आला, त्याने खूण म्हणून त्याला कापडाची चिंधी बांधली आणि सोडून दिला. पुन्हा जाळे टाकले तर तोच मासा. असे पाच वेळा झाले आणि पाचही वेळा त्याने नियम पाळला. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी गेला आणि त्यासाठी पत्नीचे बोल ऐकले. पुढल्या जन्मी पाच संकटांतून तो वाचला, असे कथा सांगते. या कथेचे मर्म मासा सोडण्यात जेवढे आहे तेवढेच त्या रिकाम्या हातांत आहे. मृगसेनाने भूक सोसून मासा सोडला. करमणूक झाल्यावर मासा सोडणाऱ्याने काय सोसले?

आणि मृगसेन केवळ कथेत नाही. गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची मोठी शिकार होई. २००४ पासून तेथे मोरारी बापूंच्या पुढाकाराने आणि वन्यजीव संस्थांच्या प्रयत्नांनी लोकांना सांगितले जाऊ लागले की, हा मासा म्हणजे माहेरी आलेली लेक आहे. त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले. ज्या कोळ्यांनी त्याला भाल्याने मारले होते, त्यांनीच पुढे आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क मोकळे केले. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली संरक्षित सागरी जीव सोडताना कापाव्या लागलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात ग्रामस्थ देवीचे म्हणून महाशीर राखतात आणि कोणी त्यांना गळ लावत नाही. ज्यांची रोजी पाण्यावर आहे, ती माणसे असा त्याग करू शकतात. मग ज्याला एकाही माशाची गरज नाही, तो पैसे मोजून गळ का विकत घेतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

शार्क दिसायला सुंदर नाही. तो हंबरत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, त्याच्यासाठी छावणी उघडता येत नाही. परंतु शास्त्रदृष्टीने तो जलचर पंचेंद्रिय जीव आहे. आधुनिक विज्ञान तर सांगते की, दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी अतिसूक्ष्म वीजही त्याला जाणवते. जीवदया ही रूप पाहून द्यायची देणगी असती, तर तिच्यासाठी व्रताची गरजच पडली नसती.

माजलगावच्या पुढे मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. तेथील घाटावर उभे राहिलेल्या प्रवाशासमोरून जे पाणी वाहते, ते नांदेड, राजमहेंद्री करीत बंगालच्या उपसागराला जाते. समुद्र नसलेल्या जिल्ह्याचे पाणी अखेर समुद्रातच पोहोचते. सुट्टीच्या सहलीचे पत्रक पुढच्या वेळी हाती येईल तेव्हा जेवणाच्या ओळीप्रमाणे ती दुसरी ओळही वाचावी आणि प्रवास कंपनीला ती काढायला सांगावी. घरातील मुलांना बोटीतून डॉल्फिन पाहायला खुशाल न्यावे. गळ का घेतला नाही, हे त्यांनी विचारले तर मृगसेनाची गोष्ट सांगावी. घाटाच्या खालच्या अंगाला तेव्हाही एखादा भोई आपले जाळे वाळत घालत असेल. त्याच्याकडे पाहून मान वळवण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे की नाही, हे त्या एका ओळीवरून ठरेल.